हिवाळाभर उभी असलेली रिस्टोअर केलेली कॅडिलॅक कन्व्हर्टिबल पुन्हा रस्त्यावर आणताना: इंजिन सगळ्यात शेवटी

इकडे मिशिगनमध्ये एप्रिल उजाडला की गॅरेजची दारं उघडतात, कव्हर निघतं, बॅटरी जोडली जाते आणि लगेच चावी फिरते. गाडी सुरू झाली की सगळ्यांना वाटतं काम झालं. खरं तर सहा महिने उभ्या असलेल्या सत्तरेक वर्षांच्या गाडीत इंजिन सुरू होणं ही सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे, ते होतंच. धोका असतो ब्रेकमध्ये, पेट्रोलच्या रबरी नळ्यांमध्ये आणि वायरिंगमध्ये, आणि हे तिन्ही इंजिन सुरू झाल्यावरच दगा देतात. म्हणून क्रम उलटा करायचा, एवढंच मला सांगायचंय, बाकीचं सगळं त्या क्रमाचे तपशील.

मी इथे १९४९ ते १९५२ ची कॅडिलॅक सीरिज ६२ कन्व्हर्टिबल डोळ्यासमोर ठेवलीय, म्हणजे ३३१ क्यूबिक इंचाचं व्ही-८, हायड्रा-मॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ६ व्होल्टची सिस्टम आणि तेलाच्या दाबावर चालणारा टॉप (म्हणजे घडीचं कापडी छत) नि खिडक्या. १९५३ ची असेल तर दोन फरक: ती १२ व्होल्टची आहे, आणि गिअरबॉक्स कुठला आहे ते आधी तपासा, कारण ऑगस्ट १९५३ मध्ये मिशिगनमधल्या लिव्होनियाचा हायड्रा-मॅटिकचा कारखाना जळाला आणि त्यानंतरच्या काही कॅडिलॅकमध्ये ब्युइकचा डायनाफ्लो हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला गेला. ओळखायची सोपी खूण म्हणजे स्टिअरिंगमागच्या गिअर दाखवणाऱ्या पट्टीवर पी (पार्क) असेल तर डायनाफ्लो. हायड्रा-मॅटिकला पार्क नाहीच.

अजून एक. गाडी "रिस्टोअर केलेली" आहे म्हणजे ती चालायला तयार आहे असं समजू नका. बऱ्याच गाड्या शोसाठी रिस्टोअर होतात, ट्रेलरवरून जातात, ट्रेलरवरून येतात. क्रोम चकचकीत, आतलं लेदर सुंदर, आणि ब्रेकच्या रबरी नळ्या वीस वर्षांपूर्वीच्या. बिलं असतील तर कुठला भाग कधी बदलला त्याची तारीख बघा, नसतील तर जुनाच आहे असं धरून चाला.

## तयारी

सामान आधी गोळा करा, मध्येच दुकानात पळायला लागलं की माणूस पायऱ्या गाळतो. त्या वर्षाचं शॉप मॅन्युअल (कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक), जॅक नि उचललेली गाडी टेकवायला चार मजबूत घोड्या, चाकांना लावायला ठोकळे, मल्टिमीटर, ६ व्होल्टचा चार्जर, ब्रेक ऑईल, इंजिन ऑईल, पेट्रोल काढायला झाकणाचा कॅन, मोठी सिरिंज, टॉर्च. आग विझवायचं यंत्र हाताशी पाहिजे आणि शक्यतो क्लीन एजंटवालं, म्हणजे मागे काही न ठेवणाऱ्या वायूचं, कारण ड्राय पावडर विझवते खरी पण नंतर ती पावडर अॅल्युमिनियम, क्रोम, वायरिंग सगळं खाते.

दिवसही नीट निवडा. रस्त्यावरचं मीठ एकदोन जोरदार पावसांनी धुऊन जाऊ दे, आणि बाहेर निदान १५-२० अंश सेल्सियस असू दे. टॉपचं कापड थंडीत कडक असतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

## १. बॅटरी न जोडता नुसतं बघा

टॉर्च घेऊन गाडीभोवती आणि गाडीखाली अर्धा तास द्या. उंदरांची लीद, कुरतडलेलं कापसाचं वेष्टण, एअर क्लीनरमधलं घरटं, सायलेन्सरच्या तोंडात कोंबलेला कापूस, सीटखालच्या हीटरमधला कचरा. या गाड्यांच्या वायरवर कापडाचं विणलेलं आवरण असतं, ते उंदरांना आवडतं. एक जरी वायर उघडी दिसली तरी बॅटरी जोडायची नाही, आधी ती दुरुस्त.

एअर क्लीनर ऑईल-बाथ प्रकारचा (हवा तेलावरून गाळणारा) असेल तर उघडून आतलं तेल बघा. त्यात पाणी साचलेलं किंवा मेलेला उंदीर असा प्रकार सर्रास निघतो.

मग चारही चाकांच्या आतल्या बाजू, दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या सीटच्या बाजूचं कार्पेट हात लावून बघा. ओलसर, तेलकट लागलं तर जागा खडूने खूण करून ठेवा. तिथे रंग फुगलेला किंवा मऊ झाला असेल तर ते ब्रेक ऑईल आहे (टॉप नि खिडक्यांच्या नळ्यांतही तेच असतं, म्हणून दारं नि कार्पेट). आणि हो, ते फडक्याने पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता, साधं ब्रेक ऑईल पाण्यात विरघळतं, पुसलं तर ते उलट पसरतं.

## २. टायर आणि जॅक

टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पांढरी पट्टी कितीही छान दिसत असली तरी दहा वर्षांपलीकडचं टायर मी गावाबाहेरच्या रस्त्यावर नेणार नाही, ही गाडी दोन टनांच्या आसपास जाते आणि तिचे टायर आतून कुजतात, बाहेरून कळत नाही. उभ्या गाडीचे टायर खालून थोडे चपटे होतात, ते सहसा काही मैलांत सुटतं. चेपलेपण तसंच राहिलं तर टायर गेलं.

जॅक फ्रेमला लावायचा. मूळचा बंपर जॅक डिकीत दाखवायला ठेवा, त्यावर गाडी उचलून खाली जायचं नाही, कधीच नाही. कन्व्हर्टिबलला वरून छताचा आधार नसतो, म्हणून जॅक लावताना दारं बंद ठेवायची आणि उचलताना दाराच्या फटीकडे बघत राहायचं. फट एकीकडे वाढायला लागली तर थांबा, जॅकची जागा चुकलीय.

चाकांचे नट सोडताना जोर लावण्याआधी स्टडच्या टोकावर एल हे अक्षर आहे का बघा. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत डाव्या बाजूला उलट आटे असतात आणि लोक नट सोडायच्या नादात आवळत जाऊन स्टड तोडतात.

## ३. ब्रेक

इथे घाई करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण या गाडीत ब्रेकचा एकच सर्किट आहे. आजच्या गाडीत एक लाइन फुटली तरी दुसरी दोन चाकं धरतात. इथे एका चाकाचं सिलिंडर गळलं की पेडल थेट फ्लोअरपर्यंत, चारही चाकं मोकळी. आणि हायड्रा-मॅटिकमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी थांबवायची आशाही फारशी ठेवू नका.

मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली फ्रेमवर असतो, कार्पेट उचललं की वरचं झाकण सापडतं. झाकण उघडण्याआधी भोवतालची माती साफ करा नाहीतर ती आत जाईल. पातळी बघा, रंग बघा. चहासारखं काळपट झालं असेल तर पूर्ण बदलायचं.

आता कुठलं ब्रेक ऑईल आहे ते शोधा. रिस्टोअर केलेल्या गाड्यांत बऱ्याचदा सिलिकॉनचं डॉट ५ असतं कारण ते रंग खात नाही. ते साध्या ब्रेक ऑईलमध्ये, म्हणजे डॉट ३ मध्ये, मिसळत नाही. शंका असेल तर थोडंसं सिरिंजने काढून काचेच्या बाटलीत पाण्यावर टाका, वेगळा थर राहिला तर सिलिकॉन, विरघळलं तर साधं. डॉट ५.१ हे नाव बघून फसू नका, ते सिलिकॉन नाही, डॉट ३ च्याच कुळातलं आहे.

पुढे चारही ड्रम उघडून चाकाच्या ब्रेक सिलिंडरची रबरी टोपी जराशी उचला. आत ओलं असेल तर ते सिलिंडर काढून दुरुस्त करा, चार थेंबच आहेत म्हणून सोडू नका. रबरी नळ्या वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर बदला, आणि दिसल्या नाहीत पण वय माहीत नसेल तरी बदला, कारण या नळ्या आतून फुगतात, ऑईल जातं पण परत येत नाही आणि चाक धरून राहतं. हँडब्रेक ओढून गाडी हिवाळाभर उभी केली असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात, गाडी रेटून सोडवू नका, लायनर निघून येतो. ड्रमवर रबरी हातोडीने हलके ठोके द्या.

तपासणी: पेडल दाबून पूर्ण एक मिनिट तसंच धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय, बाहेर दिसत नसेल तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. हे पास झाल्याशिवाय चौथ्या पायरीवर जायचं नाही.

## ४. पेट्रोल

टाकीचं झाकण डाव्या टेल लाइटखाली लपलेलं आहे, खालचं बटण दाबलं की लाइट वर उचलला जातो. वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो, शिळ्याला रंगाच्या दुकानासारखा वास येतो. शिळं असेल तर सगळं काढा, त्यावर ताजं ओतून "चालून जाईल" करू नका, तो चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो आणि मग निम्मा उन्हाळा त्यात जातो.

अमेरिकेत पंपावर सहसा १० टक्के इथेनॉल असतं, भारतात आता २० टक्के. मुंबई-पुण्यात पावसाळाभर गाडी उभी ठेवणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्या, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या पद्धतीच्या रबराला मऊ करतं. फ्रेमवरची लोखंडी लाइन आणि पंप यांच्यामध्ये जी छोटी रबरी नळी असते तिच्यावर बोट फिरवा, बोट काळं झालं तर नळी आजच बदला. गरम इंजिनाजवळच आहे ती.

पेट्रोल पंप दुहेरी कामाचा असतो, एक भाग पेट्रोल ओढतो, दुसरा वायपरसाठी व्हॅक्यूम देतो, आणि दोन्हीत पडदे असतात. पेट्रोलचा पडदा फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑईलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली तर इंजिन फिरवायचंसुद्धा नाही, आधी पंप, मग ऑईल. व्हॅक्यूमचा पडदा फाटला तर इंजिन तिथून ऑईल ओढतं आणि निळा धूर काढतं, लोक पिस्टनच्या रिंगा गेल्या समजून इंजिन उतरवायला निघतात. आधी वायपरची नळी काढून इंजिनाकडचं तोंड बंद करून बघा, धूर थांबला तर दोष पंपाचा.

## ५. सहा व्होल्ट

बॅटरीवर तीन झाकणं असतील तर ६ व्होल्ट, सहा असतील तर १२. हे बघायलाच हवं, कारण काही जणांनी रिस्टोअर करताना गाडी १२ वर नेलेली असते. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जातं तेही मॅन्युअलमध्ये बघून लावा, शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज नको. त्या काळच्या पॅकार्डमध्ये पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं, मेकगणिक हे बदलतं.

पूर्ण चार्ज झालेली, थोडा वेळ शांत ठेवलेली बॅटरी ६.३ च्या पुढे दाखवते. दाखवत असेल आणि तरी स्टार्टर रडत रडत फिरत असेल तर दोष बॅटरीचा नसून बहुतेक केबलचा असतो. अर्ध्या व्होल्टेजला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, आणि हल्लीच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळणारी केबल १२ व्होल्टच्या हिशोबाने बारीक असते. वरून रबर जाड असलं म्हणजे आतलं तांबं जाड असतं असं नाही. १/० किंवा २/० गेजची केबल घ्या, आणि बॉडीला जिथे जोडता तिथला रंग खरवडून धातू उघडा करा. रिस्टोरेशनमध्ये फ्रेमला सुंदर रंग मारलेला असतो, त्याच रंगाने अर्थिंग तुटलेलं असतं, ही तक्रार मी इतक्यांकडून ऐकलीय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो.

१२ व्होल्टच्या गाडीवरून किंवा बूस्टरवरून जंप देऊ नका. इंजिन सुरू होईल, पण त्या क्षणी चालू असलेले बल्ब, मीटर, रेडिओ यांपैकी काहीतरी जाईल. ८ व्होल्टची बॅटरी बसवण्याचा सल्लाही कोणी देईल, रेग्युलेटर तेवढ्यासाठी बनलेला नाही.

डायनमो किंवा रेग्युलेटर उतरवला असेल तर डायनमोला दिशा (पोलॅरिटी) द्यावी लागते. डेल्को-रेमीच्या सिस्टममध्ये इग्निशन बंद ठेवून, बॅटरी जोडलेली असताना, रेग्युलेटरच्या बॅट आणि जेन टर्मिनलला वायर क्षणभर टेकवायची, बारीक ठिणगी दिसली की झालं. फोर्ड-लिंकनची पद्धत वेगळी आहे, हीच तिथे वापरू नका.

## ६. आता इंजिन

तेही लगेच नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडंसं ऑईल सोडा, आणि पुढच्या पुलीच्या बोल्टवर लांब पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर करायचा नाही, अजून ऑईल सोडून एक दिवस थांबायचं.

ऑईलची पातळी बघा. साधारण ५ क्वार्ट लागतं, आणि झिंक जास्त असलेलं घ्या, जुन्या पद्धतीचे कॅम नि टॅपेट आहेत. कूलंट पारंपरिक हिरवाच बरा, पितळी सोल्डरवाल्या रेडिएटरला मी नारंगी कूलंट घालणार नाही. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पॉइंटच्या (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या) मधून जाड कागदाचा कपटा ओढा, उभ्या गाडीत पॉइंटवर पातळ थर चढतो आणि स्पार्क येत नाही. पॉलिश पेपर घासू नका, त्याचे कण आत राहतात.

प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची मुख्य वायर काढून बॉडीला लावून, स्टार्टर १० ते १५ सेकंद फिरवा, मध्ये एक मिनिट विश्रांती द्या, ऑईल प्रेशरचा काटा हलेपर्यंत हेच. काटा हलला की प्लग लावा.

कार्बोरेटरचं भांडं महिनोन् महिने उभ्या गाडीत कोरडं असतं. सिरिंजने व्हेंटमधून त्या भांड्यात पेट्रोल भरा. कार्बोरेटरच्या तोंडात वरून पेट्रोल ओतून चावी मारायची नाही, एक बॅकफायर पुरतो आणि ज्वाला थेट वर येते. एअर क्लीनर परत लावूनच सुरू करा.

सुरू झाल्यावर टॅपेटचा टकटक आवाज येईल, हायड्रॉलिक आहेत ते, ऑईल भरायला थोडी मिनिटं घेतात. रेस करू नका. थोडा वेग दिल्यावर बॅटरीवर मल्टिमीटरने ७ ते साडेसातच्या दरम्यान दिसलं पाहिजे, त्याच्या खाली राहिलं तर चार्जिंग होत नाहीये.

## ७. हायड्रा-मॅटिक

सगळ्यात जास्त होणारी चूक: थंड, बंद गाडीत डिपस्टिक बघणं. उभ्या गाडीत इंजिन नि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कपलिंगमधलं ऑईल खाली पॅनमध्ये उतरून येतं, पातळी खूप वर दिसते, आणि लोक जास्तीचं समजून काढून टाकतात. इंजिन गरम, चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, गाडी सपाटीवर, मग बघा. सुरुवातीच्या वर्षांत डिपस्टिक पुढच्या फ्लोअरवर कार्पेटखाली असते, बॉनेटखाली शोधत बसू नका. ऑईल डेक्सरॉनचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल, चालतं.

पार्क नसल्यामुळे उभी करताना इंजिन बंद करून मग लिव्हर आर (रिव्हर्स) मध्ये, त्याने गिअरबॉक्स अडकतो. इंजिन चालू असताना गाडीसमोर उभं राहून बॉनेटखाली काम करायचं असेल तर चाकांना ठोकळे पाहिजेतच.

## ८. टॉप आणि खिडक्या

कन्व्हर्टिबलमध्ये सगळ्यात खर्चिक नुकसान इथे होतं, आणि ते दोन मिनिटांत होतं.

एक विजेची मोटर पंप चालवते, त्याच्या दाबाने टॉप, खिडक्या आणि पुढची सीट हलते. खिडकी वर जाते ती दाबाने, खाली येते ती स्प्रिंगने, फक्त व्हॉल्व्ह उघडतो. म्हणून वर केलेली काच हिवाळ्यात आपोआप खाली उतरली असेल तर त्या खिडकीचा व्हॉल्व्ह गळतोय, पंपाला दोष देऊ नका.

या वर्षांच्या मूळ सिस्टममध्ये साधं ब्रेक ऑईल भरलेलं असायचं. नंतरच्या काळच्या गाड्यांत गिअरबॉक्सचं लाल ऑईल आलं, आणि काही रिस्टोअर करणारे सगळे सील बदलून यातही तेच भरतात. दोन्ही एकत्र कधीच नाही. एकासाठीचं रबर दुसऱ्यात फुगतं, सगळे सिलिंडर एकदम गळायला लागतात, आणि नळ्या कार्पेटखालून, दारांतून जातात, म्हणजे रंगही जातो नि आतलं लेदरही. पंपाच्या टाकीतलं ऑईल आधी बघा, लाल असेल तर लालच, नसेल तर आधी काय भरलंय ते बिलात शोधा.

उघडायचा क्रम असा. गाडी सपाटीवर, इंजिन चालू, नाहीतर ६ व्होल्टची बॅटरी पंपाखाली बसते. कापड पूर्ण कोरडं आणि उबदार. मागच्या सीटमागची जागा रिकामी, तिथे ठेवलेली छत्री नाहीतर पिशवी टॉपच्या दांड्या वाकवते. सगळ्या काचा खाली. मागच्या खिडकीला झिप असेल तर ती उघडून खिडकी सपाट झोपवा, प्लास्टिकची असेल तर मध्ये मऊ फडकं. मग विंडशिल्डवरचे दोन्ही खटके उघडा, आणि कितीतरी लोक एकच उघडून बटण दाबतात, टॉपची पुढची पट्टी तिथेच पिळवटते.

पहिल्यांदा फक्त फूटभर उचला आणि सोडा. दोन्ही बाजू एकदम उठल्या का? एक मागे राहत असेल तर त्या बाजूच्या सिलिंडरमध्ये हवा आहे किंवा तो गळतोय. हाताने एका बाजूने ढकलून मदत करू नका, टॉपचा सांगाडा तिरका होतो आणि मग तो सरळ करणारा कारागीर शोधावा लागतो. दोन माणसं दोन्ही बाजूंनी बघत असावीत, कापड कुठे चिमटतंय ते आतल्याला दिसत नाही. टॉप शेवटाला पोचला की बटण सोडा, धरून ठेवलं तर पंप दाबून दाबून कुठलातरी जोड फोडतो.

बंद करताना काचा खालीच, आधी टॉप, मग दोन्ही खटके, सगळ्यात शेवटी काचा. ओला टॉप घडी करून ठेवायचा नाही, एका आठवड्यात बुरशीचे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

## ९. पहिली चक्कर

निघण्याआधी ग्रीस. पुढच्या चाकांना किंगपिन (चाक ज्यावर वळतं ते खिळे) आहेत, मॅन्युअलमधल्या चित्रात दाखवलेल्या सगळ्या निपलमध्ये जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. स्टिअरिंग जड लागण्याचं अर्ध्या वेळा कारण एवढंच असतं.

घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर, टॉप बंद ठेवून, ताशी २० मैलांच्या आत. पहिले चार ब्रेक अगदी हळू, गाडी एका बाजूला ओढतेय का बघायला. हायड्रा-मॅटिक चारही गिअर ठसठशीत बदलतो, आजच्या गाडीसारखा गुळगुळीत नाही, तो धक्का बिघाड नव्हे. मात्र गिअर बदलताना इंजिन नुसतंच वर जात असेल तर परत फिरा.

दोनतीन मैलांनी थांबून चारही ड्रमजवळ हात न्या, न टेकवता. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथे ब्रेक धरून बसलाय, तिसऱ्या पायरीवर परत जा. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला, डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, न्यायची असेल तर त्याआधी एकदा मुद्दाम दुपारच्या उन्हात, सिग्नलवर रेंगाळत चालवून बघा. तिथे तासन् तास गोगलगाईच्या वेगाने जायचं असतं, आणि तापमानाचा काटा एप्रिलच्या थंडीत काहीच सांगत नाही. लांब थांबा असेल तर लिव्हर न्यूट्रलमध्ये टाका.

घरी आल्यावर इंजिन पूर्ण थंड झालं की नळ्यांचे क्लॅम्प आणि चाकांचे नट पुन्हा आवळा, आणि गाडीखाली इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत स्वच्छ पुठ्ठे पसरून रात्रभर ठेवा. सकाळी डाग बघा. मधोमध लाल थोडेसे थेंब असतील तर हायड्रा-मॅटिक, उभ्या गाडीत तो थोडा टपकतोच, पातळी बघून चालवत राहा. पुढे तपकिरी म्हणजे इंजिन ऑईल, हिरवा म्हणजे कूलंट, आवळून पुन्हा बघा. चाकांच्या आतल्या बाजूला किंवा ड्रायव्हरच्या पायाखाली पिवळसर, पातळ डाग दिसला तर गाडी जागची हलवायची नाही, ड्रम उघडेपर्यंत चाव्या आत कपाटात.